‘परिचयाची गरज नाही’ म्हणतात, त्यांचा परिचय

तंत्रज्ञान परिषदेच्या व्यासपीठावर बसलेल्यांची पदं सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्या पदांच्या मागे कुठे दहावीनंतर सुटलेली शाळा असते, कुठे बुडालेली पहिली कंपनी, तर कुठे एक साधं पोस्टकार्ड. सूत्रसंचालकाच्या कागदावर न मावणाऱ्या या गोष्टी...

एसीचा झोत नेमका समईवर असतो. त्यामुळे पाचवी वात लागेपर्यंत पहिली विझलेली असते. पाहुणे हसतात, कुणीतरी हाताचा आडोसा धरतं, फोटोग्राफर ‘सर, इकडे बघा’ म्हणतो आणि एकदाचं दीपप्रज्वलन होतं. मग शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप (पुष्पगुच्छ आता मागे पडले). त्यानंतर सूत्रसंचालक बाई माईकजवळ येऊन म्हणतात, ‘‘आपल्या पुढच्या वक्त्यांना परिचयाची गरज नाही...’’ आणि पुढची सात मिनिटं परिचयच चालतो!

पुणे, नागपूर, नाशिक, इंदूर, हैदराबाद... गाव कुठलंही घ्या, संगणक उद्योगाच्या परिषदेतला हा कार्यक्रम ठरलेला. वक्त्याने कुठून पदवी घेतली, किती देशांत कंपनी आहे, किती मंडळांवर तो संचालक आहे, कुठले पुरस्कार मिळाले, हे सगळं वक्त्याच्याच ऑफिसातून आलेल्या बायोडेटावरून वाचून दाखवलं जातं. वक्ता मान खाली घालून बसतो. पुढच्या रांगेतले उद्योगपती मोबाइल बघतात.

पण अशा हॉलमध्ये मागच्याही रांगा असतात. त्यांत इंजिनिअरिंगची पोरं-पोरी बसलेली असतात. कॉलेजने बस करून आणलेली, गळ्यात प्लास्टिकच्या पट्टीला ओळखपत्र अडकवलेली, सांगली, लातूर, यवतमाळकडची. कुणाच्या फीसाठी घरच्यांनी सोनं गहाण ठेवलेलं असतं, कुणाच्या फीसाठी शेताचा तुकडा विकलेला. या पोरांना तो बायोडेटा ऐकून एवढंच कळतं की, समोरचा माणूस आपल्यातला नाही. खरं तर त्यांच्यासाठीच परिचय असायला हवा. पुढच्या रांगेला तो ठाऊकच असतो.

म्हणून आम्ही ठरवलं की, महाराष्ट्रातल्या, विशेषतः पुण्यातल्या संगणक उद्योगाचा विषय निघाला की जी नावं हमखास घेतली जातात, त्यांतल्या काहींचा परिचय आपणच करून द्यावा. यांतले काही आज हयात नाहीत. काही आता भाषणांपेक्षा लेखनात रमलेत. पदव्यांची यादी मात्र इथे मिळणार नाही.

कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा मुलगा

सुरुवात सगळ्यांत कमी पदव्या असलेल्या माणसापासून करू. ‘क्विक हील’ हे नाव ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे, त्यांना सांगायला नको. कॉम्प्युटरमध्ये शिरणारे विषाणू, म्हणजे व्हायरस, हुडकून मारणारं हे सॉफ्टवेअर पुण्यात तयार झालं. ते उभं करणारे कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण दहावी. पुढे शिकण्याऐवजी ते रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. काम शिकून झाल्यावर पुण्याच्या मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचं छोटंसं दुरुस्तीचं दुकान थाटलं.

आजच्या मुलांना कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा असतो, हेच नवल वाटेल. पण १९८०च्या दशकात बँकांमध्ये, पतपेढ्यांमध्ये, व्यापाऱ्यांच्या पेढीवर कॅल्क्युलेटर ही किमती वस्तू होती. ती बिघडली की टाकून देत नसत, कारागिराला बोलावत. काटकर त्या निमित्ताने बँकांमध्ये जात-येत, आणि तिथेच त्यांना एक दिवस टीव्हीसारखा दिसणारा डबा भेटला. कॅल्क्युलेटरचे दिवस आता भरले, हे त्या दुरुस्तीवाल्या मुलाच्या लक्षात आलं. हे लक्षात यायला पदवी लागत नाही, पण डोळे उघडे असावे लागतात. त्याने कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकून घेतली.

आता घरातली गोष्ट. धाकटा भाऊ संजय बारावी झाला होता आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्सकडे जायचं होतं. थोरल्याने सांगितलं, ‘कॉम्प्युटरच शिक.’ स्वतः दहावीवर थांबलेल्या भावाने धाकट्याच्या शिक्षणाचा भार उचलला. संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात दाखल झाला. इकडे दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरचं दुखणं बरेचदा तारांत किंवा चिपमध्ये नसायचंच. फ्लॉपीवरून आलेला व्हायरस आत बसलेला असायचा. संजयने एकेका व्हायरसवर उतारा लिहायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाचं मशीन बरं व्हायचं. मग दोघांना वाटलं, हा उताराच डब्यात घालून विकला तर?

१९९०च्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ बाजारात आलं. ते विकणं सोपं नव्हतं. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं, हीच कल्पना आपल्याकडे नवी होती. त्यातून ते पुण्यातल्या दोन भावांनी तयार केलेलं! परदेशी नाव असलं की विश्वास बसायचा. पण दुकानदारांशी आणि दुरुस्तीवाल्यांशी काटकरांचं नातं जुनं होतं, कारण ते स्वतः त्यांच्यातलेच होते. गावोगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांनीच हे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांपर्यंत नेलं. २०१६च्या फेब्रुवारीत या कंपनीचे शेअर बाजारात आले.

परिषदेच्या कागदावर हे सगळं ‘संस्थापक व व्यवस्थापकीय संचालक’ एवढ्या तीन शब्दांत उरकतं. दहावीचा उल्लेख झालाच, तर जरा दबक्या आवाजात होतो. खरं म्हणजे तो पहिल्या वाक्यात यायला हवा.

पोस्टकार्ड आणि दहा हजार

इन्फोसिस म्हटलं की बंगळुरू डोळ्यांपुढे येतं. पण तिचं जन्मगाव पुणे. २ जुलै १९८१ रोजी सात तरुणांनी ती इथे स्थापन केली आणि १९८३ मध्ये बिऱ्हाड बंगळुरूला हलवलं. भांडवल दहा हजार रुपये. ते कुठून आलं, हे आता जवळपास लोककथेसारखं सगळ्यांना ठाऊक आहे. सुधा मूर्तींनी नवऱ्याच्या नकळत घरखर्चातून आणि पगारातून १०,२५० रुपये साठवले होते. त्यांतले अडीचशे अडीअडचणीला ठेवून त्यांनी बाकीचे नारायण मूर्तींच्या हातावर ठेवले.

या गोष्टीत एक जागा मात्र हमखास गाळली जाते. इन्फोसिस ही नारायण मूर्तींची पहिली कंपनी नव्हे. त्याआधी त्यांनी ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ नावाची एक कंपनी काढली होती. ती जेमतेम दीड वर्षात बंद पडली. मग मूर्तींनी नोकरी धरली, ती पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये. म्हणजे सुधाताईंनी पैसे दिले, ते एकदा आपटलेल्या नवऱ्याला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत, धंद्यात एकदा हात पोळलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पैसे देणारी बायको किती घरांत सापडेल? आणि दिले, तर सासर-माहेर दोन्हीकडून काय ऐकावं लागेल? हे वाचकांनीच मनाशी ताडून पाहावं.

सुधाताईंची स्वतःची गोष्ट तर याहून आधीची. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे १९७४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत असताना सूचनाफलकावर त्यांनी टेल्कोच्या नोकरीची जाहिरात वाचली. खाली लिहिलं होतं की, महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाने असा भेदभाव करावा, याचा जाब विचारणारं. पुण्याला मुलाखतीला या, जाण्या-येण्याचं भाडं देऊ, असं उत्तर आलं. वसतिगृहातल्या मैत्रिणींना आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. पुण्याला फुकटात जातेच आहेस, तर तिथल्या स्वस्त साड्या घेऊन ये! प्रत्येकीकडून तीस-तीस रुपये गोळा करून सुधाताई पुण्याला आल्या. त्यांना साड्याही मिळाल्या आणि नोकरीही. टेल्कोच्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर.

याच पुण्यात त्यांची आणि नारायण मूर्तींची ओळख झाली. आणि पुढे कंपनी निघाल्यावर? नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत राहायचं, असा मूर्तींचा आग्रह. बाहेर राहिल्या त्या सुधाताई. तो आग्रह चुकीचा होता, असं मूर्तींनी पुढे कितीतरी वर्षांनी जाहीरपणे मान्य केलं. आज सुधाताई लेखिका म्हणून घरोघरी पोचल्या आहेत, २०२४ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. पण सॉफ्टवेअर लिहिणारी इंजिनिअर म्हणून त्यांचा परिचय किती वेळा करून दिला जातो?

एका घरातली दोन राष्ट्रं

मूर्तींनी ज्यांच्याकडे नोकरी धरली, त्या पटणींची कथा हल्ली फारशी कुणी सांगत नाही. नाव बाजारातून गेलं की माणसं विसरतात. २०११ मध्ये आयगेटने पटणी कॉम्प्युटर विकत घेतली, आयगेटला २०१५ मध्ये कॅपजेमिनीने. पाटी दोनदा बदलली.

नरेंद्र पटणी रुरकीहून इंजिनिअर होऊन अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकी कंपन्यांकडे कागदांचे डोंगर होते आणि ते कागद संगणकाला वाचता येतील अशा रूपात आणणं तिथल्या मजुरीत महाग पडत होतं. हे टंकनाचं काम भारतात करून घेतलं तर? पण भारत हजारो मैलांवर. ट्रंक कॉल परवडायचा नाही. शंका आली तर विचारणार कुणाला?

पटणी नवरा-बायकोने मग केंब्रिजमधल्या आपल्या घरातच प्रयोग केला. एका खोलीला नाव दिलं ‘अमेरिका’, दुसरीला ‘भारत’. या खोलीतून त्या खोलीत बोलायचं नाही, जे काही सांगायचं ते चिठ्ठीवर लिहूनच. काम बिनचूक होईपर्यंत सूचना पुन्हा पुन्हा लिहायच्या. या प्रयोगात पूनम पटणींचा बरोबरीचा वाटा होता. एकाच छपराखाली नवऱ्याशी न बोलता व्यवहार चालवण्याचा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच भगिनींना असेल, पण त्यातून उद्योग उभा राहिल्याचं हे एकमेव उदाहरण असावं!

पुढे हे काम खरोखरच भारतात, पुण्यात आलं. टंकलेखन करताना कागदी फितीवर भोकं पाडणारी फ्लेक्सोरायटर यंत्रं होती. इथे भरलेल्या फिती विमानाने अमेरिकेला जायच्या. आज ज्याला ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात आणि ज्याच्यावर देशातल्या लाखो घरांच्या चुली पेटतात, त्याची ही अगदी सुरुवातीची पावलं. त्या टंकलेखकांची नावं कुठल्या स्मरणिकेत छापलेली नाहीत.

चौसष्ट जणींचा स्वयंपाक

डॉ. विजय भटकर हे नाव पुण्यात उच्चारलं की ‘परम’ हा शब्द मागोमाग येतोच. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. नागपूर, बडोदा आणि दिल्ली अशा मुक्कामांवर शिकत ते डॉक्टरेटपर्यंत पोचले. पुण्यात येण्याआधी त्यांनी काही वर्षं तिरुअनंतपुरमला संशोधन संस्था चालवली.

१९८०च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. मान्सूनचा अंदाज बांधायला आणि विज्ञान संशोधनाला. अमेरिकेच्या क्रे कंपनीचं एक यंत्र हवामानाच्या कामापुरतं, बऱ्याच अटी घालून मिळालं. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेला त्याहून मोठं हवं होतं, ते नाकारण्यात आलं. तुम्ही अण्वस्त्रांसाठी वापराल, ही भीती. मग आपणच करू, असं ठरलं आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. मुदत तीन वर्षं, पैसे तीस कोटी. एका क्रे यंत्राची किंमत साधारण तेवढीच.

क्रेसारखं एकच अचाट वेगवान यंत्र बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. तशी चिपच इथे मिळत नव्हती. यावर काढलेला तोडगा आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून समजून घेऊ. हजार पानांची पंगत आहे. एक तर विजेच्या चपळाईने काम करणारा एकच आचारी आणा, तो मिळाला नाही तर चौसष्ट जणींना पोळपाट-लाटणं घेऊन ओळीने बसवा. प्रत्येकीचा वेग साधाच, पण काम वाटून दिलं आणि एकीची कणीक दुसरीला वेळेवर मिळाली, तर पंगत वेळेवर उठते. खरी कसोटी त्या वाटून देण्यात. परम ८००० मध्ये अशाच चौसष्ट साध्या चिप्स एकमेकींना जोडल्या होत्या, आणि वाटून देण्याचं काम करणारं सॉफ्टवेअर सी-डॅकच्या तरुण पोरांनी लिहिलं होतं. १९९१ साली, ठरल्या मुदतीत, यंत्र उभं राहिलं. पुढे ते रशियालाही गेलं. ‘परम’चं घराणं अजून चालू आहे. २०२४च्या सप्टेंबरात ‘परम रुद्र’ ही नवी यंत्रं पुणे, दिल्ली आणि कोलकात्याला बसली. त्यांतलं पुण्याचं यंत्र जुन्नरजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

परमच्या झगमगाटात सी-डॅकमधलं दुसरं काम झाकोळून गेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी कशी उमटवायची, हा प्रश्न होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-डॅकमध्ये पुढे नेलं. ‘जिस्ट’ नावाचं एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरीच नव्हे, तर तमिळ, बंगाली, गुजरातीसुद्धा दिसू लागे. सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच बांधणीची. क, ख, ग सगळीकडे त्याच क्रमाने. तेव्हा ‘क’ची कळ सगळ्या भाषांत एकच, हे साधं सूत्र त्यामागे होतं. आज मोबाइलवर आजी नातवाला मराठीत निरोप धाडते, त्या वाटेवरचा हा एक मैलाचा दगड. परिषदांमधून हे नाव मात्र क्वचितच ऐकू येतं.

भाषा कुठली?

अमेरिकेत हुलेट-पॅकर्डच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून डॉ. आनंद देशपांडे परतले आणि १९९० मध्ये त्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. सगळे इथून तिकडे जात असतानाच्या दिवसांत! कंपनीच्या इमारतींना भगीरथ, आर्यभट, पिंगल अशी नावं आहेत, एवढं सांगितलं तरी माणसाची आवड कळते. अलीकडे ते छोट्या व्यावसायिकांना उभं करण्याच्या कामात लक्ष घालतात. बायोडेटा त्यांचाही लांबलचक आहे, आम्ही तो वाचणार नाही.

अच्युत गोडबोले यांच्यावर मात्र थोडं थांबलं पाहिजे, कारण मागच्या रांगांना सर्वांत जवळचा वाटणारा माणूस हाच. सोलापूरच्या मराठी शाळेतून आयआयटी मुंबईला गेलेला हुशार मुलगा. गणितात पुढे, पण आयआयटीतल्या इंग्रजीने भेदरलेला. केमिकल इंजिनिअर झाल्यावर नोकरी धरायची सोडून तो शहाद्याच्या आदिवासी चळवळीत गेला. तिथे तुरुंगाची हवाही खाऊन आला. पुढे सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत सर्वोच्च पदांवर पोचला. ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलंय. मुलाच्या स्वमग्नतेबद्दलही.

गोडबोले संगणकाबद्दल मराठीत लिहितात आणि मराठीत बोलतात, ही त्यांची खरी कमाई असं आम्हाला वाटतं. कारण या परिषदांमधलं एक दुखणं कुणी बोलून दाखवत नाही. निवेदन इंग्रजीत, भाषण इंग्रजीत, आणि शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटलं की मागच्या रांगांत सामसूम. प्रश्न नसतात असं नाही. तोंडात आलेला प्रश्न इंग्रजीत उलटवेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालेलं असतं. चहाच्या वेळी मात्र तीच मुलं वक्त्याभोवती घोळका करतात आणि मराठीत-हिंदीत भडाभडा विचारतात. संयोजकांनी एकदा तरी माईक त्या घोळक्यात न्यावा.

परिचय करून देणारा

वक्त्यांची ओळख करून देणाऱ्याचीही ओळख हवी. १९८८ मध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांची ‘नॅसकॉम’ ही संघटना स्थापन झाली. १९९१ पासून तिची धुरा देवांग मेहता या गुजराती तरुणाकडे आली. मेहता स्वतः कुठल्या मोठ्या कंपनीचे मालक नव्हते, पण साऱ्या उद्योगाची ओळख मंत्र्यांना, मुख्यमंत्र्यांना, परदेशी गिऱ्हाइकांना करून देणारा माणूस हाच. सॉफ्टवेअर खातात की पितात, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या गळी ते उतरवायचं कसब त्यांच्याकडे होतं. १२ एप्रिल २००१ रोजी सिडनीच्या हॉटेलात, दौऱ्यावर असताना त्यांचं निधन झालं. वय अवघं अडतीस. त्यांच्या जागी आले ते किरण कर्णिक, इस्रोच्या उपग्रह-शिक्षणाच्या कामात घडलेले. उद्योगाबाहेरचा माणूस म्हणून भुवया उंचावल्या होत्या, पण २००९ मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा उघडा पडल्यावर सरकारने नेमलेल्या संचालक मंडळाचं अध्यक्षपद या कर्णिकांकडेच आलं.

नॅसकॉमच्या अध्यक्षपदी पहिली महिला यायला २०१८ साल उजाडलं, देबजानी घोष यांच्या रूपाने. आणि कार्यकारी परिषदेच्या प्रमुखपदी पहिली महिला, रेखा मेनन, २०२१ मध्ये. म्हणजे टेल्कोला गेलेल्या त्या पोस्टकार्डानंतर जवळपास चार तपं उलटल्यावर! लाखो मुली या उद्योगात काम करतात. व्यासपीठावरच्या खुर्च्या मोजल्या तर त्यांचा हिशेब लागत नाही. सूत्रसंचालन मात्र आवर्जून बाईंकडे असतं.

पेशावरचा इंजिनिअर

शेवटचा परिचय फकीरचंद कोहलींचा. पाने भरतील इतका तो मोठा आहे, पण आज त्याचं एक वेगळंच निमित्त आहे. २०२५च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएसने सहा लाखांवरच्या नोकरवर्गातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचं जाहीर केलं आणि घराघरांत चिंता पसरली. टीसीएसची नोकरी म्हणजे सरकारी नोकरीसारखी पक्की, हा समज तिथे तुटला. परिषदांमध्ये आता ‘एआय’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता हाच मंत्र ऐकू येतो, आणि मागच्या रांगेतल्या मुलांना त्यातून एकच गोष्ट हवी असते. आमचं काय होणार?

कोहली १९२४ साली पेशावरमध्ये जन्मले. लाहोर, कॅनडा आणि एमआयटी असं शिकून १९५१ मध्ये टाटांच्या वीज कंपनीत आले. मुंबईला वीज कशी अखंड मिळेल, हा त्यांचा विषय. १९६९ मध्ये टाटांनी त्यांना नव्याने निघालेल्या टीसीएसवर धाडलं. तो काळ आजच्याहून कठीण होता. संगणक आला की नोकऱ्या जाणार, ही भीती तेव्हाही होती, आणि रस्त्यावर आलेली होती. १९६०च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला होता! बँकांतल्या संघटनांनी यंत्रं येऊ देण्यावर समझोता केला, तो १९८३ मध्ये. देशात कामं मिळेनात, आणि परदेशातून संगणक मागवायचा तर सरकारची अट अशी की, त्याच्या किमतीच्या दुप्पट निर्यात करून दाखवा.

या अटीखाली टीसीएसने १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचा संगणक आणला आणि परदेशी गिऱ्हाइकांची कामं सुरू केली. निर्यातीची सक्ती होती, म्हणून निर्यातीचा धंदा उभा राहिला. पुण्यात १९८१ मध्ये टाटांची संशोधन संस्था निघाली, तिच्यामागेही कोहली होते. पुण्याच्या जुन्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी वयाच्या ऐंशीनंतरही निभावलं. टीसीएसमधून मोकळे झाल्यावर विश्रांती घ्यायची, तर त्यांनी निरक्षर प्रौढांचा प्रश्न हाती घेतला.

क, ख, ग पासून सुरुवात करून पाटी-पेन्सिलीवर प्रौढांना शिकवायला महिने लागतात. तोवर शेतीची कामं येतात, बायका वर्ग सोडतात. कोहलींच्या चमूने अक्षरांऐवजी ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात केली. पडद्यावर चित्र, शब्द आणि कानावर उच्चार, असं सॉफ्टवेअर करून चाळीसेक तासांत वर्तमानपत्र वाचण्याइतकं वाचन आणता येतं, हे आंध्रातल्या खेड्यांत तेलुगूत दाखवलं आणि मग ते मराठीसह इतर भाषांत नेलं. मास्तर प्रशिक्षितच हवा, असंही नाही. कोहली २६ नोव्हेंबर २०२० रोजी मुंबईत वारले. कार्यालयांतून जुने झाले म्हणून काढून टाकलेले कॉम्प्युटर या वर्गांना चालत, आणि संध्याकाळी रानातून परतलेल्या बायका त्यांच्यासमोर बसून वाचायला शिकत.